ट्रेव्हरचं गुडविल

तळणीच्या कढया दोन, बटाट्यांची पोती एकोणीस, गोठवलेला ब्लू कॉड मासा बेचाळीस किलो, आणि फ्रीझरमागे ओणवा झालेला एक अनोळखी तरुण.

"एक्केचाळीस," माझी मोठ्याने चाललेली मोजणी ऐकून तो तिथूनच म्हणाला. "एक किलो नुसता बर्फ आहे."

"तुम्ही कोण?"

"रॉरी पराटा. ट्रेव्हरच्या बाजूने किंमत काढायला आलोय. तू नायरी ना? नोएलीनच्या बाजूची?" त्याच्या भुवईला पीठ लागलं होतं. पुसावंसं वाटलं... मी बटाटे मोजले.

तीस वर्षांच्या संसारानंतर ट्रेव्हर आणि नोएलीन वेगळे होत होते. रिव्हरटनच्या बंदरावरचं त्यांचं फिश अँड चिप्सचं दुकान कायद्याने निम्मं-निम्मं व्हायचं, पण त्याची किंमत ठरेना. ट्रेव्हरचं म्हणणं, गिऱ्हाईक माझ्या गप्पांसाठी येतं. तेव्हा गुडविल, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाची किंमत, माझं एकट्याचं; ते वाटणीत धरायचं नाही. शेवटी कोर्टाने आम्हा दोन तज्ज्ञांना एकत्र बसून एकच निवेदन द्यायला सांगितलं. माझं हे पहिलंच काम.

चार दिवस आम्ही दुकानामागच्या टेबलाशी बसलो. बाहेर दक्षिणेचा वारा पत्रे वाजवत होता. गुडविल सोडून सगळ्यावर एकमत झालं (मी म्हणे ते दुकानाचं, तो म्हणे ट्रेव्हरचं), आणि चिप्सच्या पुड्यात आमची बोटं एकमेकांना लागायला लागली.

"नायरी, मला एक सांगायचंय—"

"नको! बोललास तर मला कोर्टाला कळवावं लागेल. तज्ज्ञ निःपक्षपाती हवेत. दोघांचे अहवाल कचऱ्यात जातील आणि मला पुन्हा कुणी काम देणार नाही."

"पण मी काय बोलणार ते तुला कुठे माहितेय?"

"अंदाज आहे."

"किती टक्के?"

"रॉरी!"

"बरं बाई. मग गुडविलचं तुझंच खरं. सही करू, मोकळे होऊ."

"मुळीच नाही! तुला पटलंय म्हणून मान्य करतोयस, की... त्या दुसऱ्या कारणाने?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तेच तर मला कळत नाहीये."

मग ट्रेव्हरच्या गप्पांशिवाय गिऱ्हाईक येतं का, याचा प्रयोगच करायचा ठरला. शनिवारी ट्रेव्हर घरी बसणार, नोएलीन तळणार, गल्ल्यावर आम्ही दोघं. दोघांनीही गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या नाहीत, आपसातही नाहीत. पुडे मोजायला दोन्ही बाजूंचे वकील.

"माश्या मारत बसाल, पोरांनो," ट्रेव्हर हसला.

शनिवारी मी पुडे बांधत होते, रॉरी मीठ टाकत होता. बोलायची बंदी, म्हणून तो नुसता बघायचा. मी बघितलं की मीठ सांडायचं.

गमबूट घातलेल्या एक आजी आत आल्या. "ट्रेव्हर नाही? सुटले बाई! तेवीस वर्षं त्याचा तोच पेंग्विनचा विनोद ऐकतेय. आज दोन पुडे दे, पोरी." मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहत, "तुमचं काय बिनसलंय? भांडलात?"

आम्ही दोघांनी एकदमच माना हलवल्या.

एरवी शनिवारी सरासरी एकशे साठ पुडे खपत. त्या दिवशी एकशे एक्क्याऐंशी खपले.

"आता पटलं," रॉरी म्हणाला. "अगदी शुद्धीवर राहून पटलं." निवेदनावर दोघांनी सह्या केल्या. सोमवारी ट्रेव्हरनेही तोंड पाडून तडजोडीवर सही केली आणि खटला मिटला.

रॉरी धक्क्यावर उभा होता.

"संपलं?"

"संपलं."

"मग ऐक... तू मला आवडतेस, नायरी. फार."

"इथल्या कायद्याने तीन वर्षं एकत्र राहिलो तर सगळं निम्मं-निम्मं होतं. ठाऊक आहे ना?"

"माझ्याकडे एक होडी आहे. गळकी."

"तिची किंमत कोण काढणार?"

"बाहेरचा कुणीतरी. मी आता निःपक्षपाती राहिलो नाहीये."

"मीही नाही," मी म्हणाले आणि त्याचं मनगट धरलं. मग घड्याळ लावून त्याची नाडी मोजली.

मिनिटाला एकशे चौदा.