वरचा पाना

आपल्या नाहूरचा अंबादास गॅरेजवाला ठाऊक आहे ना रे तुम्हाला? त्याचीच गोष्ट. पटली नाही तर उद्या त्यालाच विचारा. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवारची रात्र.

मुलुंडला एका सोसायटीत विद्याधरकाका राहतात. एकटेच. बायको, मीराकाकू, वर्षापूर्वी गेल्या. वर्षश्राद्ध काकूंच्या माहेरी, देवगडला. पहाटे निघायचं, आणि नेमकं गाडीखाली तेलाचं थारोळं. इंजिनाच्या टायमिंग बेल्टमागचं, तेल अडवणारं ऑइल सील गेलेलं. काकांनी रात्रीच अंबादासला बोलावलं.

"गाडी तिची रे," काका म्हणाले. "हिच्यातूनच जायचंय मला. होईल ना?"

"होईल काका. तुम्ही वर जाऊन पडा."

गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात होती. पुढे भिंत, डावीकडे भिंत. अंबादासने उजवं चाक काढलं, कव्हर काढलं, तेलाने भिजलेला बेल्ट उतरवला. नवं सील नीट बसलं. घोडं अडलं ते नव्या बेल्टवर. वरची पुली, म्हणजे बेल्टचं दातेरी चाक, सारखी फिरत होती. ती एका दात्यानेसुद्धा चुकली तर इंजिनाची वाट. पुलीच्या बोल्टला पाना लावून कोणीतरी घट्ट धरायला हवं, तेव्हा खालून बेल्ट चढतो.

वर पाना अडकवून ठेवला होता, पण धरायला कोणी नव्हतं; चार वेळा बेल्ट निसटला. त्याचीही बायकापोरं गावाला; कित्येक दिवसांत कामाव्यतिरिक्त कोणाशी बोलला नव्हता. चाकाच्या खळग्यात बसल्या बसल्या तो स्वतःशीच पुटपुटला, "कोणीतरी असायला हवं यार..."

पाना घट्ट झाला.

अंबादासला हायसं वाटलं. खालून त्याला फक्त पान्याचं टोक दिसत होतं.

"आलात होय काका? जरा मागे घ्या."

पाना मागे सरकला.

"बस. तिथेच."

थांबला. बेल्ट चढला. खुणेला खूण जुळली.

"झालं. सोडा आता."

पाना हलला नाही.

"काका... सोडा."

वरून श्वाससुद्धा ऐकू येईना. मग हळूच, अगदी नाइलाजाने सोडावा तसा, पाना सैल झाला.

अंबादास उठला. समोर भिंत. पलीकडे भिंत. मधे मांजर जाईल एवढीच फट; पाना धरायला माणूस उभा राहणार कुठे...

त्याने चाक लावलं. चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तेलाचा एक थेंब नाही.

तो वर गेला. बऱ्याच वेळाने आतली कडी निघाली. काका झोपेतून उठलेले.

"खाली आला होतात ना तुम्ही? पाना धरायला?"

"मी? नाही रे. आत्ताच तर उठतोय."

अंबादास तेलाने माखलेले हात घेऊन बेसिनपाशी गेला. नळ सोडण्याआधीच थबकला.

साबण ओला होता. त्यावर काळं, ताजं तेल.

काका मागे येऊन उभे राहिले. त्यांनी साबण उचलला, बराच वेळ तळहातावर धरून ठेवला...

आणि अंबादासला म्हणाले, "तू आतल्या मोरीत धू हात. हा राहू दे."