चूलबंद आवतण

नव्या उमरटेकला घरांवर नंबर आहेत. खाण जुन्या गावापर्यंत आली तेव्हा तिथली चाळीस घरं वणीच्या रस्त्याला लागून अशी सरळ रेषेत बसवली गेली. बाकीची माणसं चंद्रपूर, नागपूर, पुणे, जिकडे पोट नेईल तिकडे गेली. किसनराव आणि त्यांची बायको विमलताई दुसऱ्या गल्लीत, सतरा नंबरात राहायला आले. दोघंच.

विमलताई आधी माणसं विसरल्या, मग शब्द विसरल्या. संक्रांतीपासून त्यांच्या तोंडातून एक अक्षर निघालं नव्हतं. जेवू घातलं तर जेवत, बसवलं तर बसत. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "जुनी नावं कानावर पडू द्या. झालं तर त्यानंच काही होईल."

जुनी नावं आणायची कुठून, हा प्रश्न किसनरावांनी गझालापुढे ठेवला. गझालाचं वणीच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. जुन्या गावात शेजारी राहणाऱ्या जैबुनबीची ही थोरली मुलगी. जैबुनबी गाव उठायच्या आधीच वारली, म्हणून गावातच राहिली.

गझालानं गावाची वेबसाइट करून दिली. तीत जुने फोटो होते, घरांचा नकाशा होता आणि खाली 'हजेरी' होती. येणाऱ्यानं दोन रकाने भरायचे, नाव आणि घर. ती हजेरी किसनराव दुपारी विमलताईंना वाचून दाखवणार होते.

पंधरा दिवसांत नऊ जण आले.

"कोणी येऊनच नाही राह्यलं," किसनराव दुकानात येऊन म्हणाले.

"येईन कसं काका? तुम्ही फेसबुकवर अख्खा फोटो टाकून देता. ताट दारातच वाढलं तर घरात कोण येते? खुशबू सोडा नुसती."

मग तिनं खुशबू सोडायला शिकवलं. विहिरीवरच्या पाच बायकांचा फोटो होता. चार फेसबुकवर टाकल्या, पाचवी कापली आणि खाली लिहिलं, 'पाचवी कोण? पाहायला साइटवर या.' मारुतीच्या पारावरच्या माणसांचे नुसते पाय टाकले. भाच्यांच्या, जावयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पाठवली. आठवड्यात साठ जण झाले. किसनराव एका बोटानं पान सरकवत नावं वाचत आणि विमलताई भिंतीकडे पाहत.

"फोटो पाहून लोक निघून जातात," गझाला म्हणाली. "आता काही बोलावणं काढा. बोलावलं की लोकं थांबतात."

जुन्या गावात शाळेचा व्हरांडा तेवढा उभा होता. पावसाळ्याआधी तोही मातीच्या ढिगाऱ्याखाली जाणार होता. खाणीच्या साहेबांनी एका दुपारची परवानगी दिली. किसनरावांनी जेवण ठरवलं आणि आवतण जुन्या रीतीनं लिहिलं.

उमरटेकात आवतणाच्या दोन तऱ्हा होत्या. घरटी एक माणूस, नाही तर चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातलं तान्हं लेकरूही मागं राहायचं नाही, त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. उकंडा कोतवाल गल्लोगल्ली ओरडत फिरायचा. शिवेवरच्या दगडाशी आला की गप्प व्हायचा आणि पाठ फिरवून परतायचा. पलीकडे मसणवट होती, त्याला लागून कबरस्तान. त्या बाजूला तोंड करून आवतण द्यायचं नाही, एवढं लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

'समस्त उमरटेक, चूलबंद,' असं किसनरावांनी फेसबुकवर टाकलं. तिथं शीव नव्हती. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरीत नवीन ओळी होत्या. नावाचा रकाना कोरा, घराचा तेवढा भरलेला.

"विहिरीखालचं," किसनरावांनी वाचलं. "नाव नाही लिहिलं. असाच कोणी..."

"सोनीबाई," विमलताई म्हणाल्या.

आवाज घोगरा झाला होता, पण त्यांचाच होता. किसनराव फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी पुढची ओळ वाचली.

"मारुतीमागचं."

"देवीलाल. त्याचा बैल लंगडून राह्यलाय, त्याले म्हणा हळद लाव."

"चिंचेजवळचं."

"जैबुनबी नाही तं कोण?" विमलताई हसल्या.

सोनीबाईला विहिरीच्याच काठावर साप चावला होता. देवीलालला किसनरावांनी स्वतः खांदा दिला होता. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीसं छातीत झालं होतं. त्यांनी त्या दिवशी बावीस घरं वाचली. विमलताईंनी बावीस नावं सांगितली आणि संध्याकाळी आपल्या हातानं जेवल्या.

"कोणी तरी टवाळ आहे," गझाला म्हणाली. तिनं कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. साइटवर कोण कुठून आलं ते त्यात दिसत होतं. पुणे, नागपूर, चंद्रपूर. आणि एक मोठा काळा ठिपका.

"हे कुठलं व्हय?" किसनरावांनी विचारलं.

"जुनं गाव." तिनं चष्मा पुसला. "तिथं चार वर्षांपासून लाइट नाही. टॉवर नाही. काही तरी झोल आहे काका. बंद करू का साइट?"

"राहू दे."

"चाचीसाठी?"

"बोलून राह्यली न ते," किसनराव म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी आणखी एक अर्धा फोटो टाकला.

जेवणाच्या दिवशी ऊन कडक होतं. पुण्या-नागपूरच्या लोकांनी अंगठे आणि फुलं पाठवली होती, आले मात्र अकरा जण. गझालानं दोन आचारी आणले होते. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. व्हरांड्यात पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या तेव्हा विमलताई उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा उचलला.

"एवढ्यात काय होते? लोकं उभे आहेत न."

त्यांनी पंगत व्हरांड्याबाहेर नेली. तिथून जिथं गल्ली होती तिथपर्यंत, मातीतून, सरळ. गठ्ठे संपेपर्यंत त्या मांडत राहिल्या. मग भाजीची बादली घेऊन वाढायला लागल्या.

"सोनीबाई, लाजू नको. देवीलाल, अजून घे. भगवानराव, तुमाले बुंदी दोनदा लागते, माहीत आहे मले."

अकरा जण आपापल्या पत्रावळीपुढे बसून ऐकत होते. एक म्हातारा रडायला लागला. त्याची बायको त्याला गप्प करत होती. विमलताईंना कोणी अडवलं नाही.

"जैबुनबी, तुया वाटची वांगी बिनखोबऱ्याची काढली आहेत. तुले पचत नाही खोबरं."

गझालाच्या हातातला भाताचा थाळा खाली आला.

"चाचीले हे मी नाही सांगितलं," ती किसनरावांच्या कानाशी म्हणाली. "अम्मीचं खोबऱ्याचं शेवटच्या महिन्यात सुरू झालतं. तवा चाची माहेरी होती."



अकरा जणांचं जेवण झालं. ते उठायला लागले.

"बसा," विमलताई म्हणाल्या. "पंगत जेवून राह्यली."

ते बसले.

तासभर कोणी हललं नाही. दूर डंपर चालत होते.

जेवलेल्या अकरा पत्रावळ्यांवर माशा घोंगावत होत्या.

मातीतल्या पत्रावळ्यांवर पुऱ्या होत्या, भात होता, बुंदी होती. उन्हात सगळं तसंच.

त्यांच्यावर एकही माशी नव्हती.

"उठा आता," विमलताई म्हणाल्या.

त्या दिवसानंतर गझाला साइटला हात लावेना. "तुम्ही म्हणान तवा बंद करते," एवढंच म्हणायची. किसनराव म्हणत नव्हते. विमलताई आता अंगण झाडत, पोळ्या करत, शेजारणीशी भांडत. औषधाच्या दुकानदारालाही त्यांनी नावानं हाक मारली. डॉक्टरांनी फाइलमध्ये काही तरी लिहिलं आणि किसनरावांच्या पाठीवर थाप मारली. दुपार झाली की विमलताई हात पुसत खाटेशी येऊन बसत आणि विचारत, "आज कोण कोण आलं?"

मृगाच्या आधल्या दुपारीही त्या तशाच आल्या. किसनरावांनी चष्मा लावला. हजेरीत एकच नवीन ओळ होती. नावाचा रकाना कोरा.

त्यांनी ती मनात वाचली. मग मोठ्यानं वाचली.

"नवं उमरटेक. दुसरी गल्ली. घर नंबर सतरा."

विमलताईंनी डोक्यावरून पदर घेतला, मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखं हसू दाबलं.

"काही तरीच तुमचं भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायचं नाव मी कशी घेऊ?"