मुक्या सिनेमातली बाई

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट भुताचे सिनेमे बघताना खदाखदा हसून आमची मजा घालवणारी!

ताई सिनेमाचं एडिटिंग करते. गेल्या थंडीत तिच्याकडे एक प्रायोगिक सिनेमा आला. एक खोली, एक नवरा, एक बायको. आणि नवऱ्याचा संशय. बस्स.

दिग्दर्शकाने तो स्वतःच्याच संसारावर बेतला होता. त्याची बायको वारली होती, एवढंच ताईला ठाऊक होतं.

रविवारची भर दुपार. स्टुडिओत ताई एकटीच. तिने भांडणाचा सीन लावला. नटीचे ओठ हलत होते...

पण आवाज नाही.

नवऱ्याचा ओरडा ऐकू येतोय. खुर्ची सरकल्याचा आवाज येतोय. फक्त हिचाच नाही.

ताईने वायर तपासली. सीन पुन्हा लावला.

या वेळी आवाज आला...

पण तो नटीचा नव्हता.

घोगरा. दमलेला. अगदी कानाला लागून.

"दार बाहेरून का लावलंस?"

ताईच्या काळजात धस्स झालं. कथेत दार लावण्याचा विषयच नव्हता!

तिने नटीला फोन केला.

"मी असलं काही बोललेच नाही हो मॅडम. आईशप्पथ!"

मग दिग्दर्शकाला बोलावलं. त्याने ऐकलं आणि तो पांढराफटक पडला.

"सर, कोण आहे ही?"

"काढून टाका ते."

"पण दार कुणी लावलं होतं?"

तो पुटपुटला, "नसतं लावलं, तर ती त्या दुसऱ्याकडे गेली असती."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने ते वाक्य उडवलं. सीन लावला.

"दार बाहेरून का लावलंस?"

आता आणखी जवळून...

ताईने पर्स उचलली आणि तडक घर गाठलं. ते काम तिने सोडलं.

दिग्दर्शकाने शेवटी सगळा आवाजच काढून टाकला. सिनेमा मुकाच दाखवला. ताई गेली नाही. तिची मैत्रीण गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सिनेमा बरा होता गं. पण शेवटी ती बाई तुझं नाव घेऊन काय सांगते? मला नीट ऐकूच आलं नाही."

तेव्हापासून ताईचा एकच धोशा... एकदा जाऊन ऐकायला हवं.

मी तिला जाऊ देत नाहीये.

बरोबर करतोय की चूक, देव जाणे.