अळूवडी तेवढी उरते

सर्वपित्री अमावस्येला जयंतीताई मुलुंडच्या बाजारातून अळूच्या दोन जुड्या घेऊन आल्या. भाजीवालीशी हुज्जत घालणं हा त्यांचा हक्क होता, तोही त्यांनी बजावला. बारापर्यंत स्वयंपाक उरकून त्या पान गच्चीवर ठेवून आल्या. विद्याधररावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हा माणूस पानावर बसला की पहिला हात अळूवडीला, वरणभात वाट बघत राहायचा. कावळ्यानंही नेमकी वडीच उचलली, तेव्हा ताईंना बरं वाटलं.

साडेबाराला लेकीला व्हिडिओ कॉल, हा रोजचा नेम. गार्गी स्कॉटलंडात शिकत होती. तिथे तेव्हा सकाळचे आठ. केस विंचरता विंचरता ती सांगायची, पाच जणांत एक स्वयंपाकघर, फ्रिजमधलं दूध कुणीतरी पिऊन टाकतं, बेकरीतल्या कामात उभं राहून पाय सुजतात. खोलीत मात्र एकटीच. त्या एकटेपणावर ती हसायची आणि ते हसणं ताईंना ऐकवत नसे.

“आई, मी पण बाबांसाठी पान वाढलं! फ्रोझन अळूवडी आणायला बसनं इंडियन दुकानात गेले.”

“शहाणी गं माझी. बाहेर ठेवलंस ना?”

“बाहेर कुठे? इथली खिडकी चार बोटं उघडते. टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, या, जेवायला या.”

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. पितरांचं पान घराबाहेर ठेवायचं असतं, आत कुणाला बोलवायचं नसतं. हे सांगायचं राहूनच गेलं होतं. पण परमुलखात एकट्या पोरीला कशाला घाबरवा, म्हणून त्या गप्प बसल्या. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी गार्गीचे डोळे भरलेले होते. “पान रिकामं गं आई. बाबा आले!”

त्या दिवसापासून ती दोन ताटं वाढू लागली. दुधाची, पायांची तक्रार बंद झाली. बोलणं हळू झालं. मध्येच बाजूला बघून ती मान डोलवायची. इकडे ताईंचं कशात लक्ष लागेना. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. गॅस बंद केलाय की नाही ते चार चारदा बघत.

दहाव्या दिवशी ताई वड्या तळत असताना गार्गी म्हणाली, “एक गंमत सांगू? बाकी सगळं संपतं. अळूवडी तेवढी रोज उरते.”

ताईंच्या हातातली वडी निसटून कढईत पडली.

“गार्गी... तुझे बाबा अळूवडी टाकतील?”

गार्गीनं बाजूला बघितलं. मग अगदी पुटपुटत, “आई... हळू बोल ना. ऐकू जातं...”

तिच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गार्गी तर पलंगावर बसली होती.

“आत्ताच्या आत्ता ते ताट उचल. रस्त्यापलीकडे नेऊन ठेव आणि जा म्हण. मागे वळून बघू नकोस.”

फोन कट झाला. ताई पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. इतक्या लांबून पोरीसाठी काय करणार? हाताला चाळा म्हणून त्यांनी स्वतःचं ताट वाढलं आणि न जेवताच बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. तासाभरानं फोन वाजला.

“गेलं, आई!” कित्येक दिवसांनी गार्गी मोठ्यानं बोलत होती. “खोली कशी मोकळी वाटतेय.”

ताईंना रडूच फुटलं. “काय म्हणालीस गं त्याला?”

“नुसतं जा म्हणवेना यार. केवढी थंडी होती बाहेर. म्हटलं, माझी आई तिकडे एकटीच जेवते. मुलुंडला जा.”

ताई आत आल्या. ताटातला भात संपला होता. वरण, भाजी, चटणीसुद्धा. कडेला अळूवडी तेवढी होती, आणि समोरची खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकली होती.

दार उघडून पळत सुटावं असं त्यांना वाटलं. हाकलून द्यावं असंही वाटलं. पण इथून निघालं तर ते कुठे जाईल? त्याला दुसरा एकच पत्ता ठाऊक होता.

त्यांनी पदर खोचला. पुन्हा भात वाढला.

“बसा...” त्या म्हणाल्या. “सावकाश जेवा.”

खुर्ची पुढे सरकली.