चित्रातली बाई

तीन आठवडे ते पत्र तपासनिसाच्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. त्याचे जोडीदार, निवृत्त मास्तर, रोज आठवण करून द्यायचे.

"चित्रातली बाई नाहीशी झाली, ही काय केस आहे, मास्तर?" तो म्हणायचा.

पत्र एका म्हाताऱ्याचं होतं. 'माझ्या खोलीत एका चित्राची छापील प्रत आहे, फ्रेम केलेली, मी हौसेने विकत आणलेली. त्यात डाव्या कडेला, दारात एक बाई उभी होती. आता नाही. घरचे म्हणतात, कधी नव्हतीच. मला वृद्धाश्रमात ठेवायचं घाटतंय. खरं काय ते लेखी कळवा. तोंडी सांगितलंत तर माझा भ्रम म्हणतील.'

शेवटी दोघं गेले, तेव्हा खोली रिकामी होती.

"सोमवारीच पोचवलं बाबांना," मुलगा म्हणाला. "एका दुपारी डोळे तपासून आणले, डोळे ठणठणीत. घरी आल्या आल्या बाई शोधायला लागले. म्हणजे बिघाड वरच्या मजल्यावर, नाही का?"

"तुम्हाला ती बाई आठवते?"

"घरातल्या चित्राकडे बघतं कोण हो!"

"आणल्यापासून ते खिळ्यावरून उतरलेलंच नाही," सून घाईने म्हणाली.

चित्रात एक खोली, टेबल, खिडकी. फरशीवर डावीकडून आलेली माणसाची लांब सावली. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना भिंतीचा दोन-दोन बोटं पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता.

"दुसरी प्रत मिळवून ताडून पाहू या?" मास्तरांनी सुचवलं.

"आधी कोपऱ्यावरचा फ्रेमवाला."

फ्रेमवाला काच कापत होता. "फ्रेम मापाने हवी तर आठ दिवस. घाई असेल तर तयार घ्या, तासाभरात बसवून देतो. गिऱ्हाइकाचं नावगाव मी विचारत नाही."

परतल्यावर तपासनीस भिंतीसमोर उभा राहिला.

"पट्टे उजळ आहेत, कारण तिथे वर्षानुवर्षं याहून रुंद फ्रेम होती. म्हणजे चित्र उतरलं होतं. कधी, मास्तर?"

"बाबा घरात नसताना... डोळे तपासायला गेले तेव्हा!"

"एकच दुपार. मापाची फ्रेम शक्य नव्हती, म्हणून तयार घेतली. ती अरुंद. आणि फरशीवर सावली आहे, पण सावलीचं माणूस नाही. मग ते गेलं कुठे?"

त्याने फ्रेम उलटी करून पाठीचा पुठ्ठा काढला. चित्राची डावी कड मागे दुमडलेली होती. त्याने ती हलकेच उलगडली.

दारात बाई उभी होती.

मुलगा वाकून तिच्याकडे बघू लागला.

"पुसताना पडलं, काच फुटली, फ्रेमही मोडली," सून म्हणाली. "दुमडलंय हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी विचारलं तेव्हा फ्रेम बदलल्याचं लपवलं. मग रोज जास्तच अवघड होत गेलं."

"तुमचं राहू द्या. मी वेळेवर आलो असतो, तर ते आज इथे असते," तपासनीस म्हणाला.

"आत्ता फोन करतो," मुलगा म्हणाला.

"लेखी मागितलंय त्यांनी," मास्तर म्हणाले.

तपासनिसाने तिथेच लिहिलं: 'बाई होती आणि आहे. तुमचं डोकं शाबूत आहे. उत्तराला उशीर झाला, ही चूक माझी.' सुनेने पेन मागून घेतलं. खाली लिहिलं: 'काच माझ्या हातून फुटली, बाबा.'

"पत्ता कोणता घालू?" तिने विचारलं.

"आपल्या घरचा," मुलगा दारातून म्हणाला. "टपाल येईपर्यंत मी त्यांना घेऊन आलेलो असेन."

तिने पत्ता लिहिला आणि रस्ता ओलांडून पाकीट पेटीत टाकलं.