पुढच्याची चिठ्ठी

तो एडका बैलाएवढा होता. एकेक शिंग माझ्या दंडाएवढं, आणि डोळ्यांत नुसता अंगार. भाचरं म्हणतात, "मावशी, मागच्या खेपेला तो घोड्याएवढा होता!" असेल. धावता धावता ज्यानं एडक्याचं माप घेतलंय, त्यानंच मला बोलावं.

तर नोकरीवर रुजू व्हायला मी शेताच्या फाटकातून आत शिरले, आणि दहाव्या मिनिटाला पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. एक चप्पल माझ्या पायात, दुसरी एडक्याच्या तोंडात.

खालून आवाज आला, "उतरा खाली. काही करत नाही तो."

"माझी चप्पल खातोय!"

"चप्पल खातोय. तुम्हाला काही करत नाहीये."

उंच, किडकिडीत माणूस. कारकून पेन्सिल खोचतो तशी कानामागं गवताची काडी खोचलेली. शाळेतल्या मास्तरांनी पोराचा कान धरावा तसं त्यानं एडक्याचं शिंग धरलं, चप्पल सोडवली, स्वतःच्या शर्टाला पुसली आणि वर धरली.

"मी घाबरले नव्हते हं," मी म्हटलं. "वरून शेत कसं दिसतं ते बघत होते."

त्यानं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा तिची कड गच्च धरलेल्या माझ्या हातांकडे. "बरं... कसं दिसतं?"

"छान."

"मग उतरा. खालूनही वाईट दिसत नाही." आणि शिडी आणायला गेला.

ते शेत मुलांचं होतं. दूध पिशवीतून येतं असं मानणारी शहरातली तीस मुलं सोमवारी बसमधून उतरायची आणि शनिवारी शेणात बरबटून परत जायची. सहा दिवस प्रत्येकाकडे एक जनावर. त्याला चारा घालायचा, पाणी दाखवायचं, त्याच्याखालचं झाडायचं. मी वसतिगृहाची ताई, शिवाय भाजीचे वाफे माझ्याकडे. तो गोठ्याचा माणूस. मुलं त्याला गोठेदादा म्हणत. आणि आम्हा सगळ्यांवर मोठ्या बाई. त्यांनीच ते शेत उभं केलं होतं, आणि त्यांच्यापुढे एडकासुद्धा मान खाली घालायचा.

मोठ्या बाईंची एक पद्धत होती. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक मुलानं आपल्या जनावराबद्दल एक चिठ्ठी लिहायची. सोमवारी त्याच्या जागी येणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या मुलासाठी. ती गोठ्याच्या दारावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. 'ही शेळी डावीकडून दूध काढू देत नाही, उजवीकडून जा.' 'सात नंबरची कोंबडी अंडं घातल्यावर फार ओरडते, तिचं कौतुक करावं लागतं.' डब्यावर बाईंनी रंगानं लिहिलं होतं : खरं तेवढंच लिहा. कारण उघड होतं. इथं थाप मारली, तर सोमवारी भलत्याच पोराला लाथ बसायची.

आणि थापा मारणं हे तर माझं कामच! सोमवारी दिवेलागणीला तीसही मुलं एकदम आईच्या नावानं गळा काढायची. एकानं सुरू केलं की ओळीनं सगळी. मग मी वेणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सुरू करायची, की आपल्या वाफ्यातला भोपळ्याचा वेल फार हावरा आहे, गेल्या वर्षी त्यानं एका मुलाला कमरेला धरून उचललं आणि थेट कौलांवर नेऊन ठेवलं... रडं थांबायचं. मंगळवारी सगळी भोपळ्याला सलाम करून पुढे जायची. माझं नाव पडलं थापाताई.

एका सोमवारी दारातून गोठेदादा म्हणाला, "भोपळ्यानं मुलाला उचललं?"

"हो. तुम्ही नव्हतात तेव्हा."

"नऊ वर्षं मी इथंच आहे."

"त्या दिवशी रजेवर होतात."

"मी रजा घेत नाही."

"अहो, ते तुम्हाला माहीत. भोपळ्याला काय माहीत?"

मुलं खो खो हसली. तोही हसला, आणि हसता हसता खोकला. चाऱ्याची धूळ, म्हणाला. पुढच्या सोमवारी पुन्हा दारात उभा. त्याच्या पुढच्याही. गोठ्यातलं काम संपलं की लोक घरी जातात. हा हातपाय धुऊन, केसांवरून पाणी फिरवून यायचा आणि चौकटीला टेकायचा. मी बघितलं नाही असं दाखवायची, आणि मुलाला कौलांवर नेणारा वेल त्याच्याकडे बघून थेट ढगात न्यायची.

त्याला स्वतःला मात्र खोटं बोलता येत नसे. येतच नसे! एखाद्या पोरानं दाव्याला गाठ मारून विचारावं, "दादा, चांगली आहे ना?" तर हा म्हणणार, "नाही. गाय सुटेल. पुन्हा मार." पोर हिरमुसायचं. तीनदा सोडून तीनदा बांधायचं. मग तो म्हणायचा, "आता चांगली आहे." आणि त्या एका वाक्यानं पोराची छाती अशी फुगायची, की माझ्या शंभर थापांनी फुगणार नाही.

आमच्यात खरंखुरं काय झालं, ते एका मेंढीमुळं.

मेंढीचं नाव आजीबाई. म्हातारी, डावा कान फाटलेला. पहिल्या वर्षी एका आठवड्यात ती एका आठ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आली. पोरगी इतके प्रश्न विचारायची, की आम्ही तिला शंकाबाई म्हणायचो. मेंढीला स्वप्नं पडतात का, तिला स्वतःचं वय ठाऊक असतं का. जाताना आजीबाईच्या गळ्यात पडून अशी रडली, की बसवाल्यानं इंजिन बंद केलं.

पोरगी परत गेल्यावर बाराव्या दिवशी आजीबाई झोपेत मेली. आणि तेराव्या दिवशी टपालानं पत्र आलं : 'प्रिय आजीबाई, तू कशी आहेस? तुझ्या पायाला अजून चिखल लागतो का?'

मी उत्तर लिहिलं. मेंढीच्या वतीनं. 'मी मजेत. काल एडक्याला ढुशी दिली.'

गोठेदादा म्हणाला, "तिला कळवा. खरं ते कळवा."

"एवढीशी पोर, कशाला? मुलं इथं एकदाच येतात."

"ही येईल," तो म्हणाला.

वर्षभर पत्रं आली, वर्षभर मी लिहिली. आणि वर्षानंतर एका सोमवारी बसचं दार उघडताच पहिली उडी मारली ती शंकाबाईनं. दप्तर टाकून धावली ती थेट गोठ्यात.

मी दुसरी मेंढी पुढे केली. सांगायला लाज वाटते, पण केली.

तिनं मेंढीचं तोंड हातात धरलं. "हिचा कान शाबूत आहे."

"अगं, उगवला परत! हिवाळ्यात मेंढ्यांचे कान—"

बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. माझं बोट वेणीतच अडकलं.

तो पुढे आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजीबाई मेली. तू गेल्यावर बाराव्या दिवशी. फार म्हातारी झाली होती, झोपेतच गेली. त्या कुंपणाजवळच्या झाडाखाली आहे. येतेस?"

तिनं त्याचं बोट धरलं. दोघं गेली. बऱ्याच वेळानं ती एकटी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर.

"ताई, ती सगळी पत्रं मी डब्यात जपून ठेवलीत. आता ती कुणाची म्हणून ठेवू?"

मी वेणी पाठीवर टाकली.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कांदे सोलत बसले. बाहेर बारीक पाऊस, पत्र्यावर त्याचं आपलं पुटपुटणं चाललेलं. तो आला, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि शेजारी बसून सोलू लागला.

"कांदे फार झोंबतायत," मी म्हटलं.

"एकच सोललाय तुम्ही."

"...म्हणा ना खोटारडी. म्हणून टाका. तुम्ही तर खरंच बोलता."

"नाही म्हणणार."

"का?"

त्यानं हातातला कांदा संपवला. "तुम्ही खोटं बोलता ते समोरच्याला थोडा वेळ बरं वाटावं म्हणून. मुलीला ते पुरलं नाही. पण मला... मला रोज वाटतं."

"काय वाटतं?"

"बरं."

बस्स, एवढंच. लोक चंद्र मागतात, तारे मागतात. माझ्या वाट्याला एक 'बरं' आलं, आणि मी त्या पावसात कांद्याची सालं टाकायला जाते म्हणून चार वेळा उगीच बाहेर जाऊन आले.

पुढचे सहा महिने... त्यांचं काय सांगू? 'अहो'चं 'अरे' झालं. तो चारा कापायचा, मी बांधावर बसून थाप सांगायची. चहाचा पहिला पेला तो माझ्यापुढे सरकवायचा. मी विचारायची, "आज मी कशी दिसते रे?" तो दोन मिनिटं निरखून म्हणायचा, "गालाला माती लागलीय." आणि पुसायचा. त्या पुसण्यात जे होतं ते मात्र तो तोंडानं बोलायचा नाही. मी वाट बघत होते. खरं बोलणारा माणूस, कधी ना कधी बोलेलच की. तेवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडून हवं होतं. बाकी सगळी वाक्यं माझी मी तयार करत होतेच.

खोकला मात्र वाढत गेला. चाऱ्याच्या गंजीजवळ गेला की भिंत धरून उभा राहायचा. मोठ्या बाईंनी त्याला दटावून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. परत आला तो सामान बांधायलाच.

शनिवारची सकाळ. बसमध्ये तीस मुलं गाणी म्हणतायत, आणि हा वळकटी घेऊन फाटकाशी.

"वर्षानुवर्षांची चाऱ्याची धूळ छातीत बसलीय," तो म्हणाला. "बहिणीकडं जातो. तिकडं समुद्र आहे, हवा चांगली आहे."

"मीही येते."

"मुलांना कोण बघेल? आणि... चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत होशील. गवतकापणीच्या आत परत येतो मी."

हे सगळं तो एडक्याकडे बघून बोलला. त्याचं बोट शर्टाच्या बटणाशी चाळा करत होतं. माझ्या डोळ्यांत बघितल्याशिवाय त्या माणसानं मला एकही गोष्ट कधी सांगितली नव्हती. गालावरची मातीसुद्धा नाही.

मला कळलं. थापांच्या धंद्यात केस पिकायला आले होते माझे, मला कळणार नाही? त्याच्या जन्मातली ती पहिली थाप, आणि इतकी कच्ची, इतकी वाकडीतिकडी, की शंकाबाईनंसुद्धा हाणून पाडली असती. पण कुणासाठी मारत होता तो ती? मला थोडा वेळ बरं वाटावं म्हणून. ती मोडायचं माझ्या जिवावर आलं.

"नक्की ये," मी म्हटलं. "तोवर भोपळ्याला सांगून ठेवते."

"सांग."

"आणि ऐक... मला तू फार आवडतोस."

आता त्यानं वर पाहिलं. "ही थाप नाही ना?"

मी दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. वेणी पाठीवर होती. त्यानं ते हात बघितले, एकदा घट्ट दाबले, आणि बसमध्ये चढला. बस वळणावरून गेली तरी गाणं ऐकू येत होतं.

मग आमचीही पत्रं सुरू झाली. 'समुद्र छान आहे.' 'खोकला कमी आहे.' मी प्रत्येक पत्र डब्यात ठेवत गेले. ते कुणाचं म्हणून ठेवायचं हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या महिन्यात पाकिटावर त्याच्या बहिणीचं अक्षर आलं. आत चार ओळी होत्या. पहिल्या ओळीत तो गेल्याचं होतं, शेवटची अशी : 'डॉक्टरांनी तिकडच्या मोठ्या दवाखान्यातच सांगितलं होतं, पण तुम्हाला सांगू नका म्हणाला.'

गवतकापणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी गोठ्याला नवा माणूस येतोय. तेवढा डबा रिकामा करून ठेव गं."

डब्यातल्या मुलांच्या चिठ्ठ्या मी काढल्या. तळाशी, मुलांचा हात पोचणार नाही अशी पत्र्याच्या दुमडीत खोचलेली एक चौपदरी घडी होती. बारीक, ताठ अक्षर.

'पुढच्यास,

एडका मागं लागला तर पळू नये, उभं राहावं. काळ्या गाईजवळ उजवीकडून जावं.

वसतिगृहाच्या ताई खोटं बोलतात. बोलताना वेणीचं टोक बोटाला गुंडाळतात. ऐकून घ्यावं, भोपळ्याची गोष्ट विशेष. घाबरले नाही म्हणाल्या तर शिडी आणावी. चहा पहिला त्यांना द्यावा. कारण नसताना कांदे सोलायला बसल्या तर काही विचारू नये, सुरी काढून घ्यावी आणि शेजारी बसावं.

मी त्यांना एकदा खोटं सांगणार आहे. त्यांना ते कळेल. कळलं असं त्या दाखवणार नाहीत.

त्यांना फार जपावं. मला जपता आलं असतं, तर ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला लिहिली नसती.'

सोमवारी नवा माणूस आला. चांगला होता बिचारा, हसरा. डब्यात हात घालून म्हणाला, "ताई, इथं म्हणे आधीचा माणूस चिठ्ठी ठेवून जातो. माझ्यासाठी काही नाही?"

माझं बोट वेणीकडे गेलं.

"होती," मी म्हटलं. "उंदरांनी खाल्ली."

"उंदरांनी?"

"मांजराएवढे उंदीर आहेत इथं! एडका मागं लागला तर पळू नका, उभे राहा. आणि काळ्या गाईजवळ उजवीकडून जा. एवढंच होतं त्यात."

तो हसला, मान डोलावली आणि चारा घ्यायला गेला.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी कांद्याचं अख्खं पोतं आलं होतं. सगळं मी एकटीनं सोललं.