वरच्या दोन टाचण्या

ही हकीगत कुणालाही खरी वाटणार नाही. कारण तिच्यात कचेरीतलं काम पाच वाजायच्या आत झालं, आणि तेही रोलरकाकामुळे.

रोलरकाका म्हणजे तीस वर्षं रस्त्यावर रोलर चालवलेला गडी. आपण एकदा रस्ता इतका सपाट केला की पावसाचं पाणी कुठे वाहावं या विचारात दोन दिवस जागीच उभं होतं, असं तो शपथेवर सांगे. गल्लीचा सेक्रेटरी त्याला तिथंच तोडे, "थाप! रस्त्याला मधोमध चढ असतो. पाणी थांबेलच कसं?" दुसऱ्याची चूक सुधारल्याशिवाय सेक्रेटरीला जेवण जात नसे.

त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी काकाचा फोन वाजला. धाकटी बहीण. वॉर्ड कचेरीत शिपाई.

"दादा, आधी इकडे ये. सह्यांचा कागद गेला. साहेब म्हणतात, मीच गायब केला."

काका निघाला तो एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल घालून.

गल्लीतला मातीचा रस्ता डांबरी करायचा का, याची आज सुनावणी होती. दोन-तृतीयांश घरांच्या सह्यांचा कागद पाचपर्यंत इंजिनिअरच्या हातात पडला नाही, तर काम दुसऱ्या वॉर्डात जाणार. राहिलेल्या सह्याही झाल्या. कागद टेबलावर ठेवून सगळे चहाला व्हरांड्यात गेले. परत येऊन बघतात तर टेबल मोकळं.

काका पोचला तेव्हा सभागृहात लोक एकमेकांच्या अंगावर जायचे बाकी होते.

"धूळ खायची एवढी हौस असेल तर पिठात लोळ की!" मागून कुणीतरी गिरणीवाल्याला म्हणालं.

"आणि तुझ्या फटफटीसाठी मी माझी पायरी तोडू?"

"गाड्या सुसाट येतील," शाळेच्या बाई कडाडल्या. "पोरं चिरडली की मग या तोंड दाखवायला!"

इंजिनिअरने टेबलावर हात आपटला आणि बहिणीकडे वळला. "किल्ली तुमच्याकडे, दारात तुम्ही. पाचपर्यंत कागद आला नाही तर उद्यापासून येऊ नका."

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बहिणीला चार माणसांत हे ऐकावं लागलं. काकाने तिला बाजूला घेतलं.

"चहाच्या वेळी आत कोण आलं?"

"तिघंच. गिरणीवाला चष्मा घ्यायला, बाई पिशवी घ्यायला, आणि सेक्रेटरी. तिघांची झडती झाली. पेपराएवढा कागद, दादा, खिशात मावणार आहे का?"

काका गिरणीवाल्याकडे गेला. "आत काय केलंत?"

"चष्मा शोधला."

"सापडला?"

"डोक्यावरच होता. हसू नका!"

"बाई, तुम्ही?"

"मी विरोध करते तो तोंडावर. कागद चोरून नाही."

सेक्रेटरी विचारायच्या आधीच उसळला. "घरोघर फिरून सह्या मी जमवल्या. मी चोरीन?"

"मग आत कशाला आलात?"

"नकाशावरची मापं बघायला."

बहीण कानाशी पुटपुटली, "रस्ता रस्ता करून घसा बसवला होता यांनी. साहेबांनी नकाशा लावला, तसे एकदम गप्प."

काकाने नकाशाकडे पाहिलं. लाकडी फळ्यावर चार कोपऱ्यांना चार टाचण्या.

"साहेब, हा कुणी लावला?"

"मी. चांगला ताणून."

काका बघतच राहिला. तीस वर्षं उंचवटे दाबलेल्या डोळ्याला तो खुपलाच. नकाशाला पोट सुटलं होतं.

लोकांकडे पाठ करून तो नकाशापुढे उभा राहिला. पाठ कसली, दाराची फळीच. चारही टाचण्या निघाल्या आणि नकाशामागून सह्यांचा कागद हातात आला. पाचला बारा मिनिटं होती. इंजिनिअरपुढे तो पालथा ठेवत काका हळूच म्हणाला, "खालच्या कडेला दोन भोकं आहेत, साहेब. त्यांवर हात ठेवा, आणि गप्प बसा."

"सापडला ना? म्हणजे हिनेच दडवला," सेक्रेटरी म्हणाला. "आत-बाहेर मोकळी हीच होती."

बहिणीने काकाची बाही धरली. "दादा, पाया पडते, आता थापा नकोत."

"एकच," काका म्हणाला आणि सगळ्यांकडे वळला. "चोराला कागद फाडायचा नव्हता. पाच वाजेपर्यंत तो दिसू नये, एवढंच हवं होतं. का? ही लाल रेघ बघा, नव्या रस्त्याची हद्द. ती गिरणीची पायरी कापते, बाईंचं कुंपण कापते आणि सेक्रेटरींनी पुढे काढलेली नवी खोली कापते. पहिले दोघं महिनाभर उघड भांडताहेत, त्यांना लपवाछपवी कशाला? अडचण तिसऱ्याची. ज्याने दारोदार रस्त्याचे गोडवे गायले, त्याने आज 'नको' म्हणायचं कुठल्या तोंडाने?"

सगळ्या माना सेक्रेटरीकडे वळल्या. त्याने पायावर पाय टाकला.

"पुरावा? की नेहमीसारखी गोष्टच?"

"गोष्टच."

"मग होऊन जाऊ दे. ऐकू दे सगळ्यांना."

"चोर खुर्चीवर चढला," काका म्हणाला. "खुर्ची डुगडुगणारी, म्हणून एका पायावर उभा राहिला. वरच्या दोन टाचण्या त्याने दातांनी उपटल्या. एक चुकून गिळली."

लोक हसले. सेक्रेटरीचा पाय हलायला लागला.

"मग नकाशा वरून खाली वाकवला, डोशासारखा. कागद वरून आत सोडला, आणि तो आपला आतल्या आत चिकटून बसला, डिंक नाही की काही नाही. वरच्या टाचण्या परत ठोकल्या आणि चोर..."

"थाप!" सेक्रेटरी ताडकन उठला. "एक नंबरची थाप! कागद नुसता आत सोडला तर खालून घसरून पडणार नाही का? वरच्या टाचण्यांना हातसुद्धा लावलेला नाही! खालच्या दोन काढायच्या आणि त्यांच्यातच कागदाची कड अडकव..."